साखर आधी की रक्त आधी?

हैदराबादेत एक हिमायतनगर आहे आणि नांदेड जिल्ह्यात दुसरं. नांदेड, लातूर, बीदर, आदिलाबाद या पट्ट्यातलं तान्हं मूल अत्यवस्थ झालं की नातेवाईक हैदराबादची वाट धरतात. म्हणजे एका हिमायतनगराहून निघालेलं बाळ दुसऱ्या हिमायतनगरात पोचलं, असंही होऊ शकतं. सोबत गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते: ‘एचजीटी 28, डी टेन दिलं’. हैदराबादच्या नर्सताई त्या एचजीटीलाच जीआरबीएस म्हणतात. टाच टोचून पट्टीवर घेतलेल्या रक्तात शंभर मिलिलिटरला 28 मिलिग्रॅम साखर निघाली आणि शिरेतून दहा टक्के ग्लुकोज दिलं, एवढाच त्या चिठ्ठीचा मजकूर. साखर का उतरली, याबद्दल तिच्यात अक्षर नसतं.

हे ‘का’ किती खोदायचं, यावर डॉक्टरांत दोन तट आहेत. त्यातल्या दोघांना मी कागदावर समोरासमोर बसवलं आहे. काका बालरोगतज्ज्ञ, हैदराबादच्या हिमायतनगरात एका गल्लीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. पुतणीही डॉक्टर, पण मुलांच्या हार्मोनच्या विकारांची. दोघंही कल्पित. वाद मात्र खरा आहे.

काका: तुमच्या पुस्तकांत साखर कमी म्हणजे रोग. माझ्या दवाखान्यात साखर कमी म्हणजे बाळ उपाशी, नाहीतर गार पडलेलं. सिझेरियन झालेलं असतं, आईला उठता येत नाही, बाळ पाळण्यात नुसतं गुंडाळून ठेवलेलं. कुणी मध चाटवतं, चिकाचं दूध पिळून टाकतं. आता चीक येतो थेंब थेंब, तोच बाळाला पुरतो. पण घरच्यांना तो ‘दूधच नाही’ असा दिसतो. त्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेव, पाज आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघ.

पुतणी: पहिल्या दिवसाबद्दल माझं काही म्हणणं नाही, काका. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते. निरोगी बाळाचीही पहिल्या तासा-दोन तासांत तिशीपर्यंत उतरू शकते आणि मग आपसूक चढते. म्हणून तर धडधाकट, वेळेवर जन्मलेल्या, नीट पिणाऱ्या बाळाची टाच टोचू नये असंच आम्हीही सांगतो.

काका: सांगता, पण करता काय? कॉर्पोरेट हॉस्पिटलात प्रत्येक बाळाची टाच चाळणी झालेली असते. पट्टीवर 42 आलं की काचेच्या पेटीत, सलाईन, डब्याचं दूध. आई वरच्या मजल्यावर, बाळ खालच्या. चार दिवसांनी आईचं दूध आटलं म्हणून माझ्याकडे येतात. आणि ती पट्टी तरी किती खरी? बाळाचं रक्त घट्ट असतं, त्यानं आकडा खाली येतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, टाच गार असली, की आणखी गोंधळ. दहा-पंधराची चूक सहज होते.

पुतणी: म्हणूनच पट्टीवर कमी आलं की शिरेतलं रक्त लॅबला पाठवायचं. तेही फ्लोराइडच्या बाटलीत, आणि लगेच. साध्या बाटलीत रक्त तासभर पडून राहिलं तर त्यातल्या पेशीच साखर खातात आणि नसलेला आजार कागदावर येतो. इथल्या रस्त्यावर लॅबना तोटा नाही. वॉर्डबॉय चहा घेऊन निघाला की तेवढ्यात घोटाळा होतो.

काका: आणि 47 च्या खाली म्हणजे साखर कमी, हा आकडा तरी कुठून आला? 1988 मध्ये ॲलन लुकास यांनी इंग्लंडमधल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास छापला. ज्यांची साखर बरेच दिवस 47 च्या खाली राहिली, त्यांची बुद्धीची आणि हालचालींची वाढ मागे पडलेली दिसली. बस. ती रेघ मग जगातल्या सगळ्या बाळांवर ओढली. पुढे 2020 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी धोक्याच्या गटातल्या पण एरवी बऱ्या असलेल्या बाळांत दोन रेघा तपासल्या, 36 आणि 47. दीड वर्षाच्या वयात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. मग 42 ला घाबरायचं कशाला?

पुतणी: त्या अभ्यासात कोणती बाळं होती ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. वजन कमी, वजन जास्त, आईला मधुमेह, थोडं लवकर जन्मलेलं. ज्यांची साखर दोन-तीन दिवसांत सुधारते अशी. त्यांना पाजावं, न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये दाखवलं तसं चाळीस टक्के ग्लुकोजचं जेल गालाच्या आत चोळावं, छातीवर ठेवावं. इथपर्यंत माझं तुमच्याशी भांडण नाही. मला बोलायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल. अठ्ठेचाळीस तास उलटले, दूध उतरलं, बाळ पितंय, तरी साखर साठच्या वर टिकत नाही. किंवा पहिल्याच दिवशी झटका आला. किंवा सलाईन कमी केलं की परत 30. या बाळाला तुम्ही ‘अजून थोडं पाज’ म्हणणार?

काका: सलाईन वाढवणार.

पुतणी: किती? कागद द्या. बाळ तीन किलोचं. दहा टक्क्यांचं ग्लुकोज तासाला 18 मिली चाललंय. म्हणजे तासाला 1800 मिलिग्रॅम. भागिले साठ, भागिले तीन: दर किलोला मिनिटाला 10 मिलिग्रॅम. नवजात बाळाची गरज साधारण 4 ते 6 ची. इतकी साखर ओतूनही आकडा वर राहत नसेल तर ती जाते कुठे? हा हिशोब चिठ्ठीच्या मागे कुणीही करू शकतं. करत नाहीत. नुसतं ‘डी टेन चालू’ लिहितात.

(इथे काका पहिल्यांदा गप्प झाले असते, असं मला वाटतं. माझ्या मते सबंध वादातला हा सर्वांत कामाचा मुद्दा. महागडी तपासणी नाही, मशीन नाही. तीन आकडे आणि भागाकार.)

काका: बरं, जाते कुठे? सांग.

पुतणी: नळाला पाणी येत नसलं तर आपण काय बघतो? टाकी रिकामी आहे का, मोटर बंद आहे का, की खाली कुणी नळ उघडा ठेवलाय. इथंही तीनच शक्यता. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची टाकीच भरलेली नसते, यकृतात साठा नाही. काहींचा साठा असतो पण तो सोडता येत नाही: साखरेचा साठा फोडणारं एन्झाइम नाही, किंवा चरबी जाळता येत नाही, किंवा कॉर्टिसोल आणि वाढीचं हार्मोन तयार होत नाही. आणि तिसरं, इन्सुलिन सुटलेलंच राहतं. आईला मधुमेह असेल तर हे दोन-चार दिवसांत शमतं. गुदमरलेल्या किंवा पोटात वाढ खुंटलेल्या बाळात काही आठवडे चालतं. जन्मजात जनुकीय दोष असेल तर थांबतच नाही. उपाय तिन्हींचे वेगळे. पट्टीवर मात्र तिघांचंही 28 च येतं.

काका: 28 म्हणजे 28. मेंदूला साखर कमी, संपलं.

पुतणी: नाही ना. उपाशी बाळाचं शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं. मेंदू त्यावर थोडाफार तग धरतो. इन्सुलिन जास्त असलं की ते चरबीही कुलूपबंद ठेवतं. साखर नाही आणि कीटोनही नाहीत. म्हणजे या 28 ला मेंदू पूर्ण उपाशी असतो. मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दृष्टीचं काम चालतं, तिथे इजा होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. व्रजेश उदाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तान्ह्या वयात फेफरं सुरू झालेल्या मुलांची पाहणी छापली. जन्माच्या सुमाराला साखर उतरून झालेली मेंदूची इजा हे त्यांना वारंवार सापडलेलं कारण होतं. जन्मानंतर नीट न पिणं, सुस्त पडणं, असा इतिहास अशा मुलांच्या आया सांगतात. ती मुलं आज मोठी झालीत, काका.

काका: ती तर माझी बाजू झाली! वेळेवर पाजलं असतं तर यातली कितीतरी वाचली असती. त्यासाठी तुझं इन्सुलिन आणि कीटोन कशाला?

पुतणी: बरीच वाचली असती, मान्य. पण उरलेल्यांसाठी मला रक्त हवंय. साखर कमी असतानाचं. ग्लुकोज देण्याच्या आधीचं.

काका: आलीस मूळ पदावर. आता ऐक. बाळ आकडी घेतंय, ओठ निळे, बाप दारात हात जोडून उभा. अशा वेळी मी इन्सुलिन, सी-पेप्टाइड, कॉर्टिसोल, वाढीचं हार्मोन, लॅक्टेट, अमोनिया अशी बाटल्यांची रांग लावू? तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं पाव लिटर, त्यातलं तू पाच मिली मागणार. आणि शीर सापडली नाही तर? नको बाई. मी आधी ग्लुकोज सोडणार.

पुतणी: झटका येत असेल तर मीही रक्तासाठी थांबणार नाही. दर किलोला दोन मिली, दहा टक्क्यांचं, लगेच. पण सलाईनसाठी शीर टोचायचीच आहे ना? सुई आत गेली की नळी जोडायच्या आधी त्याच सुईतून रक्त ओढायचं. वेगळं टोचणं नाही, मिनिटभराचा प्रश्न. पाच मिली नाही मिळालं तर दोन मिळू दे. क्रम ठरवून ठेवायचा: आधी लॅबची साखर, मग इन्सुलिन, मग कीटोन, लॅक्टेट, कॉर्टिसोल. कीटोन तर पट्टीवरही होतात. दोन थेंब फिल्टरच्या कार्डावर वाळवून ठेवायचे, चरबी जाळण्याचे दोष त्यावरून कळतात. आणि त्यानंतर होणारी पहिली शू पकडायची. ती फुकट असते.

काका: आणि रक्त न काढता ग्लुकोज दिलं तर? नंतर उपाशी ठेवून काढ की.

पुतणी: तेच तर करावं लागतं, आणि तेच मला नको असतं. ग्लुकोज गेलं की इन्सुलिन, कीटोन, सगळं बदलतं. मग मोठ्या रुग्णालयात, तयारी ठेवून, बाळाची साखर मुद्दाम उतरू द्यायची आणि पन्नासच्या खाली गेली की रक्त घ्यायचं. जी घटना एकदा आपसूक घडली होती ती पुन्हा घडवायची. आईसमोर. तुम्ही कराल?

काका: नाही करणार. बरं, समज रक्त मिळालं. त्यातून तुला लगेच काय कळतं? इन्सुलिनचा रिपोर्ट दोन दिवसांनी येणार.

पुतणी: कीटोन आणि लॅक्टेट तासाभरात येतात, अर्धं काम त्यावर होतं. लॅक्टेट खूप जास्त, तर संशय यकृताच्या एन्झाइमवर. कीटोन भरपूर आणि लॅक्टेट ठीक, तर कॉर्टिसोल, वाढीचं हार्मोन, किंवा साठ्याच्या विकारांचे दुसरे प्रकार. कीटोन नाहीत पण रक्तात मोकळी स्निग्धाम्लं भरपूर, म्हणजे चरबी सुटतेय पण जळत नाही. आणि दोन्ही नाहीत, म्हणजे इन्सुलिन. साखर इतकी उतरली असताना रक्तात इन्सुलिन मोजता येईल इतकं सापडणं हेच चूक आहे, भले रिपोर्टच्या छापील मर्यादेत ते ‘नॉर्मल’ दिसो. तिथे फार जण फसतात. शंका राहिली तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्यायचं. साखर तीसहून जास्त चढली तर यकृतात साठा होता, इन्सुलिननं तो दाबून धरला होता. नवजात बाळात एक खोडा आहे: पिट्युटरी ग्रंथी कमी काम करत असेल तर चित्र हुबेहूब इन्सुलिनसारखं दिसू शकतं.

काका: ते मी रक्ताशिवाय ओळखतो. मुलगा असेल तर लंगोट सोडून बघ. लिंग फारच लहान, कावीळ महिना झाला तरी हटत नाही, डोळे भिरभिरतात: पिट्युटरी. पोट पुढे आलेलं, हात ठेवला की यकृत बेंबीपर्यंत: साठ्याचा विकार. जीभ मोठी, कानाच्या पाळीवर चिरा, बेंबी बाहेर, वजन भारी: बेकविथ-वीडेमन. दूध सुरू केल्यावर उलट्या, कावीळ, डोळ्यांत मोतीबिंदू: गॅलॅक्टोसेमिया, तिथे आईचं दूधही बंद करावं लागतं. तुम्ही पोरं बाळाला हात लावायच्या आधी रिपोर्ट उघडता.

पुतणी: हे मात्र खरं. आणि तुम्ही विचारता तो प्रश्नही कुठल्या लॅबमध्ये होत नाही.

काका: शेवटचं पाजल्यावर किती वेळानं झालं? हौ. घड्याळ सगळं सांगतं. पाजून तासही झाला नाही आणि बाळ थरथरतंय, तर इन्सुलिन. तीन-चार तासांनी होतं, तर साठा सोडता येत नाही. सहा-आठ महिन्यांचं मूल, आतापर्यंत ठणठणीत, रात्रीचं पाजणं सुटलं किंवा जुलाब-उलट्यांनी एक दिवस खाल्लं नाही आणि सकाळी उठेना, तर चरबी जाळण्याचा दोष. अशांना घरचे बाहेरची बाधा झाली म्हणून दिवसभर घरात ठेवतात. आणि उष्टावण झाल्यावर डाळीचं, पनीरचं खाऊन मूल निपचित पडायला लागलं, तर?

पुतणी: तर अमोनिया बघायचा. प्रथिनांनी इन्सुलिन सुटण्याचा एक प्रकार आहे, त्यात अमोनिया सतत वाढलेला असतो. तुम्हाला हे माहीत आहे तर मग भांडता कशाला?

काका: भांडतो, कारण नाव कळून पुढे काय? औषध मिळतं का?

पुतणी: नाव कळलं तर पुष्कळ होतं. यकृताचा साठ्याचा विकार असेल तर दिवसरात्र ठरलेल्या वेळी खाऊ घालायचं. मूल वर्षाच्या आसपास आलं की कच्चं कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून देतात, ते हळूहळू पचतं आणि काही तास साखर टिकवतं. शिजवायचं नाही, शिजवलं की उपयोग गेला. वाण्याकडे मिळणारी वस्तू आहे. हार्मोनची कमतरता असेल तर हार्मोन द्यायचं. चरबीचा दोष असेल तर उपाशी ठेवायचं नाही, आजारपणात लगेच ग्लुकोज. इन्सुलिनच्या विकारात डायझॉक्साइड हे जुनं औषध आहे, मिळवायला त्रास होतो हे कबूल. त्यानं भागलं नाही तर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. आणि जनुक तपासणीत दोष फक्त बापाकडून आलेला निघाला, तर स्वादुपिंडाचा एखादाच ठिपका बिघडलेला असण्याची शक्यता असते. खास स्कॅननं तो शोधून कापला की मूल बरं होतं. कारण न शोधता जवळजवळ सगळं स्वादुपिंड काढलं तर ते मूल पुढे मधुमेही होतं.

काका: बापाकडूनच? आपल्याकडे तर दोन्हीकडून येणार. मामाच्या मुलीशी लग्न, तेलुगू घरांत तर मामाशीच. केस लिहिताना मी पहिली ओळ तीच घालतो: नात्यातलं लग्न आहे का, आधीचं मूल गेलं का.

पुतणी: जन्मजात इन्सुलिनचा विकार एरवी चाळीस-पन्नास हजारांत एखाद्या बाळाला होतो. सौदीसारख्या, नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत अडीच हजारांत एक इतका आढळलाय. आणि आपल्या हैदराबादचंच घ्या. ए. राधा रमा देवी आणि नौशाद यांनी शहरातल्या चार सरकारी प्रसूतिगृहांतल्या 18,300 बाळांची टाचेच्या रक्तावरून चाळणी केली, 2004 मध्ये ते छापून आलं. चयापचयाचे जन्मजात दोष साधारण हजारात एक निघाले. ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकारही जगाच्या मानानं खूप जास्त, अडीच हजारांच्या आसपास एक. यातला प्रत्येक दोष साखर उतरवतो असं नाही. पण ‘हे आजार परदेशातले’ असं या शहरात बसून तरी म्हणू नये. गोव्यानं 2008 मध्ये सरकारी खर्चानं अशी चाळणी सुरूही केली होती.

काका: म्हणजे मी प्रत्येक बाळाच्या मागे लागू?

पुतणी: नका लागू. पहिल्या दोन दिवसांतली, धोक्याच्या गटातली, पाजून सुधारणारी बाळं तुमची. त्यांना मी हातही लावणार नाही. झटका आलेलं, जास्त ग्लुकोज लागणारं, तिसऱ्या दिवशीही न सुधारलेलं, घरी जाऊन परत आलेलं, नात्यात लग्न किंवा आधीचं मूल अचानक गेलेलं, ही माझी. यांचं रक्त मला द्या.

काका: देईन. पण डिस्चार्जच्या आधी तू काय करतेस तेही सांग. तुमच्याकडून आलेल्या कागदावर ‘साखर स्थिर’ लिहिलेलं असतं आणि बाळ तिसऱ्या दिवशी माझ्या दारात.

पुतणी: सलाईन बंद करून, फक्त दुधावर, एक पाजणं चुकवून बघायला हवं. तेवढ्या वेळात साखर साठच्या वर राहिली तर घरी. नाही राहिली तर नाही. पुष्कळ ठिकाणी हे होत नाही, ही आमचीच कसूर.

वाद इथे थांबवतो. पाजण्याच्या बाबतीत काकांची बाजू मला बिनतोड वाटते. पहिल्या दोन दिवसांत टाचा टोचून, डब्याचं दूध पाजून आपण नको ते दुखणं विकत घेतो. पण साखर आधी की रक्त आधी, या प्रश्नावर कौल पुतणीला. झटका सोडला तर रक्त आधी, आणि झटक्यातही त्याच सुईतून. कारण ‘नंतर बघू’ म्हटलेलं रक्त नंतर मिळत नाही, हे काकांनाही माहीत आहे.

हैदराबादच्या हिमायतनगरचं नाव निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानच्या नावावरून पडलं. त्याची धाकटी भावजय निलोफर. तिची दासी 1949 मध्ये बाळंतपणात गेली आणि त्या धक्क्यातून उभं राहिलेलं निलोफर रुग्णालय 1953 पासून रेड हिल्सला आहे, हिमायतनगरहून फार लांब नाही. तेलंगणच नव्हे, सीमेपलीकडच्या मराठी जिल्ह्यांतली बाळंही तिथे येतात. तिथे काय किंवा खासगीत काय, डॉक्टर पहिल्यांदा मागतील ते गावाकडचे कागद.

तेव्हा नांदेड-लातूरकडून बाळ घेऊन निघणाऱ्यांना एवढीच विनंती. शुद्धीवर नसलेल्या बाळाच्या तोंडात साखरपाणी किंवा मध घालू नका. निघताना गावच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायला सांगा: शेवटचं पाजलं कधी, साखर उतरली कधी, ग्लुकोज किती टक्क्यांचं आणि तासाला किती मिली चाललं, आणि ते देण्याआधी रक्त काढून ठेवलं की नाही. काढलं असेल तर ती बाटली कुठे आहे, तेही विचारून घ्या.